काशाक्काचा अंगठा

मुडबीच्या एका लग्नात मी काशाक्काला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती एका दीड वर्षाच्या पोराच्या पाया पडत होती. निदान मला तरी तसं वाटलं. मांडवात अक्षतांची घाई, वाजंत्रीवाले कान फोडतायत, आणि ही काटकुळी बाई खांबाजवळ बसलेल्या एका आईपुढं उकिडवी बसलेली. आईच्या मांडीवरच्या लेकराच्या पावलावर अंगठा दाबून ती नुसतीच गप्प होती. मग ती उठली, पुढच्या आईकडे गेली. तिथंही तेच. चार लेकरं झाल्यावर मला राहवेना. मी जाऊन विचारलं, "काय ओ अक्का, कसला नवस हाय?"

तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "गप बसा जरा. मोजायलेय."

मग अंगठा काढला, पावलावर खड्डा राहिलाय का ते वाकून पाहिलं आणि त्या आईला म्हणाली, "ह्येचं बाळसं खरं हाय. खुशाल ऱ्हा." नंतर माझ्याकडे वळली. "आता बोला. कुटल्या तुमी?"

मी सांगितलं, कमलनगरची. या भागातल्या अंगणवाड्यांवर नवीन पर्यवेक्षिका म्हणून आलेय. ती खो खो हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. "म्हंजे माज्या सायबीन तुमीच की! आन् मी तुमाला गप बसा म्हणलं."

काशाक्का चिंताकीकडच्या एका लहानशा गावात अंगणवाडीची मदतनीस होती. गावाचं नाव मी लिहीत नाही, त्यात माझीच अब्रू आहे. मदतनीस म्हणजे झाडलोट करायची, चूल पेटवायची, घरोघर जाऊन लेकरं गोळा करायची. लिहिण्यावाचण्याशी तिचा संबंध नव्हता, हजेरीच्या कागदावर ती अंगठा उठवायची. आमच्या ऑफिसात तिला अंगठेबहाद्दर म्हणत. मीही म्हणायचे, आणि तिच्यादेखत म्हणायचे. ती हसण्यावारी न्यायची.

खड्ड्याचं प्रकरण तिनं मला त्या लग्नातून परतताना जीपमध्ये समजावून सांगितलं. "लेकराला नुसती पेज आन् च्या पाजला की आंगात पाणी भरतंय, बाई. गाल फुगतेत, पाय फुगतेत. माय म्हणती, बाळसं आलं. दाबलं की कळतंय. खऱ्या मासाला खड्डा पडत न्हाई. पाण्याला पडलेला ऱ्हातोय." मी मान डोलावली. प्रशिक्षणात हे सगळं मला शिकवलेलं होतं. प्रथिनं कमी पडली की अंगावर सूज येते, हे वाक्य मी वहीत लाल शाईनं अधोरेखित केलं होतं आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. अंगठा मात्र एकदाही कुणाच्या पावलावर ठेवला नव्हता.

तिला हे कुठल्या प्रशिक्षणानं शिकवलं, ते एकदा शेंगदाणे निवडता निवडता तिनं सांगितलं. तिचा एकुलता एक मुलगा. "आसा गुबगुबीत, बाई! जत्रंत काखंत मारून मिरवलं मी तेला. दिसंल ती बाई गाल वढायची. पंध्रा दिसांत गेलं. दवाखान्यातल्या नर्सबाईनं मेल्यावर तेचा पाय दाबून दाखवला मला. खड्डा पडला तो पडलाच." एवढं बोलून तिनं एक शेंगदाणा तोंडात टाकला, थुंकला आणि म्हणाली, "ह्ये खवट निघाले बगा." 

नवरा गेल्यावर ती काही वर्षं कमलनगरच्या डाळमिलात निवडायला जात होती. मिलात डाळ फुटून कणी पडते, ती ढोरांना घालतात. हिच्या डोक्यात तिथंच किडा वळवळला. "ढोरं टुमटुमीत आन् लेकरं फुगलेली, ह्ये कुटलं न्याव?" मग हिनं मुगाची कणी आणायची, ज्वारीबरोबर खमंग भाजायची, भाजलेले शेंगदाणे सोलून त्यात घालायचे आणि जात्यावर बारीक दळायचं. भरवताना त्यात गूळ आणि चमचाभर करडीचं तेल. झालं काशाक्काचं पीठ. एका झाकण वाकलेल्या पत्र्याच्या डब्यात ती ते ठेवायची आणि डबा काखेत घेऊन गावभर हिंडायची. "दुकानाचं तोंड बगायचं काम न्हाई. समदं तुमच्याच रानातलं हाय," हे तिचं पालुपद.

पण पीठ ही तिच्या कामातली सोपी बाजू होती. अवघड होतं ते भरवणं. सुजलेलं लेकरू खात नाही, तोंड फिरवतं, किरकिर करतं. ही त्याच्यासमोर मांडी घालून बसायची. पहिले दोन-तीन दिवस अगदी पातळ, पळीवाढं, दर दोन घंट्याला दोन चमचे. "उपाशी आतड्याला एकदम घालू न्हाई. ते घाबरतंय," असं सांगायची. मग हळूहळू घट्ट. एका वाटीला तास लागला तरी बाईचा हात थकायचा नाही. तोंडानं काहीबाही चाललेलं असायचं, निम्मं मराठी, निम्मं कानडी. मी एकदा कौतुकानं म्हटलं, तुझ्या पिठाची कृती सगळ्या गावांना देऊ या. ती म्हणाली, "पीठ कुणी बी करतंय, बाई. बसून ऱ्हायला कोन हाय?"

आणि खरंच कुणी नव्हतं. आया पहाटे रानात जायच्या, लेकरं म्हाताऱ्यांपाशी. म्हाताऱ्यांचा ठाम समज की डाळीनं लेकराचं पोट फुगतं. त्यामुळं घरात तुरीची रास कमरेएवढी, अन् लेकराच्या हातात चहात बुडवलेली खारी. तूर मिलात जायची. काशाक्काचा या चहावर भारी राग. "काय हाय त्येच्यात? रंग!" असं म्हणून तिनं एकदा एका घरातली कपबशी उचलून उकिरड्यावर ओतली होती. त्या घरानं माझ्याकडे तक्रार केली आणि मी काशाक्काला समज दिली. तिच्या हाताखालून बरी झालेली लेकरं मी पाहिली होती. त्यातली काही सुगी संपली की आईबापांबरोबर हैदराबादकडे कामाला जायची आणि परत यायची तेव्हा पुन्हा गाल सुजलेले. ही पुन्हा डबा घेऊन बसायची. मला तर वैताग यायचा नुसता बघून.

आता रेणूचं सांगते. टाळत होते, पण सांगितल्याशिवाय काशाक्का पुरी होत नाही.

रेणू दीड वर्षाची. घर खाऊनपिऊन बरं, स्वतःची शेती. आई संगीता पुन्हा गरोदर राहिली, तशी सासूनं, चंद्रव्वानं, रेणूला अंगावरून तोडलं. "पोटात दुसरं हाय, आता आंगावरचं दूद इखारी," असा तिचा निकाल. तेव्हापासून पोर पेजेवर आणि चहा-खारीवर. चार महिन्यांत रेणूचे गाल असे भरले की चंद्रव्वा तिला कडेवर घेऊन दारात उभी राहायची. काशाक्कानं पावलावर अंगठा ठेवला आणि तशीच खाली बसली. "मी मोजून थकले, बाई, खड्डा हाय तसा. केस गंजल्यावानी झालेत. लेकरू हासत बी न्हाई, रडत बी न्हाई."

तिनं संगीताच्या पाया पडून मायलेकींना जीपमध्ये घातलं आणि मोठ्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी पंधरा दिवस राहायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी दोघी परत. खळ्यावर तूर पडलेली, म्हातारी एकटी, ढोरांचं कोण करणार? मग काशाक्कानं डबा उचलला. दिवसातून आठ वेळा ती त्या घरी जायची. चंद्रव्वा नाक मुरडायची, पण संगीता येऊ द्यायची. नवव्या दिवशी मला काशाक्काचा फोन आला. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून, आणि केवढ्यांदा ओरडत होती! "बाई, रेणू बेकु म्हणली! वाटी माज्या हातातून वढली आन् बेकु म्हणली!" कानडीत बेकु म्हणजे पाहिजे. ज्या लेकरानं दोन आठवडे तोंड उघडलं नव्हतं, त्यानं स्वतःहून मागून खाल्लं होतं. मी मीटिंगमध्ये होते. "बरं बरं, नंतर बोल," म्हणून फोन ठेवला.

दोन दिवसांनी मी त्या गावात गेले. चंद्रव्वा माझी वाटच बघत होती. तिनं रेणूला माझ्यापुढं जवळजवळ टाकलं. "बगा सायबीनबाई! काय झालं लेकराचं बगा! कसं टुमटुमीत व्हतं. हिच्या पिठानं वाळून कोळ झालं!" रेणूचे गाल खरंच बसले होते. बरगड्या मोजून घ्याव्यात, हातापायांच्या काड्या. मी काट्यावर वजन केलं. मागच्या महिन्यापेक्षा चांगलंच कमी. वहीतला आकडा खाली गेला की वरून विचारणा होते, आणि त्यात हे पीठ आमच्या यादीतलं नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"काशाक्का, डॉक्टर तू का मी?"

"दोगी बी न्हाई, बाई," ती शांतपणे म्हणाली. "पण ह्ये वाळलं न्हाई. आंगातलं पाणी उतरायलंय. आता दिसायलंय ते खरं लेकरू हाय. अजून पंध्रा दिस द्या, मग ह्येच्यावर मास चढतंय. एकदा पाय दाबून बगा. खड्डा पडत न्हाई आता."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. रेणूच्या पावलांची कातडी सोलून निघाली होती, लाल दिसत होती. खरं सांगायचं तर मला किळस आली. मी हात लावला नाही. वहीत शेरा लिहिला: वजनात घट, बाहेरचे अन्न तात्काळ बंद करावे. काशाक्काचा डबा जप्त केल्यासारखा जीपमध्ये टाकला आणि शेऱ्याखाली तिला अंगठा उठवायला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि उठवला. रेणू जमिनीवर बसून डब्याच्या दिशेनं हात करत होती. हे मला तेव्हा दिसलं होतं, आता आठवलं असं नाही.

माझ्या शेऱ्याचा आधार घेऊन चंद्रव्वानं काशाक्काला दार बंद केलं. पुन्हा चहा, पुन्हा खारी. पुढच्या महिन्यात मी अंगणवाडीत गेले तर रेणूचे गाल भरलेले, काट्यावर आकडा वर गेलेला. चंद्रव्वा खूश, मीही खूश. मी वहीत एक शब्द लिहिला: सुधारणा. काशाक्का कोपऱ्यात भांडी घासत होती. ती मान वर न करता घासतच राहिली, आणि मला वाटलं, चला, बाईची खोड मोडली.

चौथ्या दिवशी रेणूला जुलाब लागले. संध्याकाळपर्यंत ती गेली.

मी भेटायला गेले तेव्हा काशाक्का अंगणवाडीच्या पायरीवर बसली होती. मला बघून उठली नाही. म्हणाली, "तुमच्या वहीत बरी झाली व्हती की, बाई." एवढंच. मला तिचा संताप आला. काय माज आहे बाईचा, असं मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलेलं मला स्वच्छ आठवतं.

पुढं काही महिन्यांनी आमचं एक शिबिर झालं. एका तरुण डॉक्टरीणबाईनं बोलता बोलता सांगितलं की सुजलेल्या मुलाला योग्य आहार लागू पडला की पहिल्यांदा त्याचं वजन उतरतं, कारण सूज ओसरते. त्या वेळी घाबरून आहार थांबवू नका. आजूबाजूच्या बायका लिहून घेत होत्या. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. रेणू बरी होत होती. ती बेकु म्हणाली होती. आणि मी तिची वाटी काढून घेतली होती, सही-शिक्क्यानिशी.

तो पत्र्याचा डबा आमच्या ऑफिसच्या माळ्यावर होता. आतलं पीठ किडलं होतं. मी डबा घासून काशाक्काकडे घेऊन गेले आणि तिच्यासमोर रडले. तिनं डबा घेतला, झाकण लागतंय का ते पाहिलं. "मला कामून सांगायलाव? संगीताला सांगा." मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत कधीच गेले नाही. भ्यालेच होते, दुसरं काय.

गावानं आपला निकाल कधीच लावला होता: काशाक्काच्या पिठानं रेणू वाळली आणि त्यातच खचून मेली. काशाक्का डबा काखेत घेऊन दिसली की आया लेकरांचे पाय पदराखाली घ्यायच्या. काही दिवस तिनं दारोदार जाऊन पाहिलं. मग ती पीठ करायची, दोन दिवस वाट बघायची आणि आपणच कालवून खायची. "आता मीच टुमटुमीत व्हनार बगा," म्हणून हसायची. ते हसणं मला बघवायचं नाही. मी माझ्या पुढच्या शेऱ्यात सगळं खरं लिहिलं, वरही पाठवलं. त्यावर उत्तर आलं नाही. आणि आलं असतं तरी त्या गावात कोण वाचणार होतं?

दोन वर्षांनी, मी निवृत्त व्हायच्या आधीच्या तुरीच्या सुगीत, काशाक्का अंथरुणाला खिळल्याचं कळलं. पोटात गाठ होती आणि उशीर झाला होता. भाचीच्या ओसरीवर खाटेवर पडली होती. चेहऱ्यावर फक्त डोळे उरलेले. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "बरं झालं आलाव. एक काम हाय. संगीताचं धाकटं आता दीड वरसाचं झालंय. लांबून बगितलं, गाल बरे वाटनात मला. मला तर दारात उबं करत न्हाईत. तुमी सायबीन, तुमाला कोन आडवणार? जरा पाय दाबून या."

मी गेले. संगीतानं घोंगडी टाकली, चहा ठेवला. ओसरीत तुरीची पोती रचलेली. धाकटा भिंतीला टेकून बसला होता, हातात भिजलेली खारी, गाल गच्च. मी त्याचं पाऊल हातात घेतलं आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा अंगठा ठेवला. मनात मोजलं, काढला. खड्डा तिथंच. मी पुन्हा मोजलं. खड्डा तसाच. मग मी संगीताला सगळं सांगितलं. रेणूचंही सांगितलं, दोन वर्षं उशिरा, हात जोडून. चंद्रव्वा आत चूल फुंकत होती. शेवटी संगीतानं पोराला उचललं, त्याचे पाय पदरात गुंडाळले आणि म्हणाली, "तवा वाळली तर बंद करा म्हणलाव. आंग भरलं तर सुधारणा लिवलाव. आता ह्येचं आंग भरलंय तर मरतंय म्हणायलाव. आमी कुटलं खरं धरायचं, बाई?"

मी फाट्यावरून गाडी बोलावली. मोठ्या दवाखान्यात मी स्वतः पंधरा दिवस सोबत राहते म्हणाले. संगीता म्हणाली, रास झाली की बघू. गाडी तासभर दारात उभी राहिली आणि रिकामी गेली.

परत काशाक्काकडे जाताना मी सारखी ठरवत होते, काय सांगायचं. तिचे किती दिवस राहिले होते ते दिसतच होतं. एक तरी पोर वाचलं, एवढं ऐकून जाऊ दे बिचारी. खाटेजवळ बसले. तिनं विचारलं, "खड्डा पडला का?"

"न्हाई," मी म्हटलं. "लगेच भरला. बाळसं खरं हाय."

तिनं माझा उजवा हात ओढून घेतला. माझा अंगठा चाचपला, त्यावरून आपलं बोट फिरवलं, आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमाला खोटं लिवता येतंय, बाई," ती म्हणाली. "बोलता येत न्हाई."